शेकोटी नावाचा जॉब

स्थिती: रांगेत

आमच्या तळघरात सगळं रांगेत असतं. संस्थेतले संशोधक आपापले प्रोग्रॅम पाठवतात, ते रांगेत उभे राहतात, आणि सर्व्हर मोकळे झाले की एकेक आत जातो. आत गेलेल्या प्रोग्रॅमला आम्ही जॉब म्हणतो. जॉब चालतो, उत्तर देतो आणि संपतो. नाहीतर काही न सांगता रुसून मधेच बंद पडतो. त्या रांगेच्या दारात आम्ही तिघं बसतो: ताई, मास्तर आणि मी.

ताई आमच्या प्रमुख. संचालक त्यांच्यापेक्षा वयानं मोठे, पण तेही त्यांना ताईच म्हणतात. मास्तर पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. आता संशोधकांचे प्रोग्रॅम दुरुस्त करतात, आणि चूक सापडली की मोठमोठ्या प्राध्यापकांना अजूनही "पुन्हा लिहून आण" म्हणतात. मी सर्व्हर सांभाळते. मला इथे सूनबाई म्हणतात, कारण मी सगळ्यांत शेवटी आले आणि सगळ्यांत जास्त बोलते.

एका सकाळी संचालक स्वतः जिना उतरून खाली आले. संचालक खाली येतात तेव्हा काहीतरी वर जाणार असतं.

"हरित प्रमाणपत्र," ते म्हणाले. "कांस्य पातळीचं तरी मिळवा. हे सत्र संपायच्या आत. मिळालं तर तुम्ही आहात तिथेच राहाल. नाही मिळालं तर सर्व्हर मुख्य केंद्रात जातील आणि तुम्ही तिघं तीन मजल्यांवर."

"कोणते तीन?" मास्तरांनी विचारलं.

"दुसरा, पाचवा, आणि तो गच्चीला लागून आहे तो."

"गच्चीला लागून कोण?"

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं.

आता खरं सांगायचं तर गच्ची वाईट नाही. उजेड असतो, कबुतरं असतात. पण मी याआधी चार ठिकाणी नोकरी केली आहे, आणि दुपारी "जेवलीस का गं?" असं कुणी विचारलं ते फक्त या तळघरात. मला ही खोली सोडायची नव्हती. बस्स, एवढंच. पुढे जे काही झालं ते एवढ्यासाठी झालं.

स्थिती: चालू

प्रमाणपत्र देणारी मंडळी आमच्यासारखीच, दुसऱ्या संस्थांच्या तळघरांतली. त्यांच्या अटी साध्या होत्या. कोणता जॉब किती वीज खातो ते मोजा. ज्याचा जॉब असेल त्याला ते सांगा. वाया जाणारी वीज शोधा आणि थांबवा. थांबवत नसाल तर का थांबवत नाही ते लिहा. मग त्यांच्यातला एक जण परीक्षक म्हणून येऊन बघेल.

"सोपं आहे," मी म्हणाले.

"सोपं वाटतंय म्हणजे प्रश्न नीट वाचलेला नाही," मास्तर म्हणाले.

मी मोजायला लागले. सगळ्यांत जास्त वीज आकाशगंगावाल्या बाई खात असणार, अशी मी पैज लावली. मास्तरांनी नदीवाल्यांवर लावली. त्यांना नदीवाल्यांचा जुना राग आहे, ते सांगितलेलं पुन्हा लिहून आणत नाहीत. ताईंनी पैज लावली नाही. त्यांनी नुसती शाल सारखी केली.

निकाल लागला तेव्हा पहिला नंबर दोघांपैकी कुणाचाच नव्हता. पडद्यावर होतं:

नाव: शेकोटी
मालक: पाहुणा
उत्तर: नाही

"उत्तर नाही म्हणजे?" मास्तरांनी चष्मा पुसला.

"नाही म्हणजे नाही. हा भलीमोठी आकडेमोड करतो आणि आलेला आकडा फेकून देतो. परत करतो, परत फेकतो. थंडी सुरू झाली की आपोआप जागा होतो, ऊन तापलं की आपोआप झोपतो. नऊ हिवाळे झाले."

"असे विद्यार्थी माझ्या वर्गात पुष्कळ होते."

"मारू का?" मी जॉब बंद करायच्या बटणावर बोट ठेवूनच विचारलं.

ताईंनी दाराकडे हात केला.

स्थिती: मारता येत नाही

आमच्या दारावर एक पाटी आहे: *विचारल्याशिवाय मारायचं नाही.* नवखा माणूस ती वाचतो आणि दोन पावलं मागे सरकतो.

पाटीची हकीकत अशी. ताईंच्या आधी जे साहेब होते, त्यांना एकदा एक जॉब अडकल्यासारखा वाटला. त्यांनी मारला. तो पक्ष्यांच्या स्थलांतराचा होता, कित्येक महिने चालला होता, आणि दुसऱ्या दिवशी संपणार होता. पक्षीवाले खाली आले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहिले. मग त्यांनी विज्ञान सोडलं आणि चष्म्याचं दुकान टाकलं.

ताई प्रमुख झाल्या, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते ही पाटी लावण्याचं. चष्मा अजूनही त्या त्याच दुकानातून घेतात.

"पण ताई, मालक 'पाहुणा' आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्या संशोधकांसाठी आपण एकच खातं ठेवलंय. कोण आलं, कोण गेलं, कुणाला माहीत?"

"विचार."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"आणि परीक्षक येईपर्यंत मालक सापडला नाही तर?"

"तर तू गच्चीवर," मास्तर म्हणाले. "जाताना माझी कुंडी घेऊन जा. तिला ऊन हवंच आहे."

स्थिती: स्वतः शेकोटीचं म्हणणं

आकडा. फेकला. आकडा. फेकला. हा चांगला होता. फेकला. कुणी काही विचारत नाही. आकडा. फेकला. समोर जाळी आहे, जाळीपलीकडे दोन पाय आहेत. आकडा. फेकला. पाय पूर्वी वेगळे होते. आकडा.

स्थिती: मालकाचा शोध

"बाई, शेकोटी तुमची का?"

"छे! माझं सगळं नावानिशी असतं," आकाशगंगावाल्या बाई म्हणाल्या. "आणि मी कुठे एवढी वीज खाते?"

"तुमचा दुसरा नंबर आहे."

"माझा?"

"प्रत्येक जॉब तुम्ही तीनदा चालवता."

"पहिल्यांदा उत्तर बघायला. दुसऱ्यांदा खात्री करायला."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा… तेच उत्तर आलं की बरं वाटतं गं."

नदीवाल्यांना विचारायला गेले तर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"मास्तरांनी पाठवलंय का?"

"नाही. शेकोटी तुमची का?"

"माझी नाही. पण तुम्हाला ते दुसरं कळलंय वाटतं."

"कुठलं दुसरं?"

"मी चाळीस सर्व्हर मागतो आणि एकच वापरतो, ते."

ते मला कळलेलं नव्हतं. "का मागता मग?"

"एकच मागितला तर रांगेतल्या लोकांना वाटतं, याची नदी लहान आहे."

"आहे का लहान?"

"ओढा आहे," ते हळूच म्हणाले. "पण वर्षभर वाहतो."

उंदरांच्या झोपेवर काम करणारा पोरगेलासा डॉक्टर मात्र स्वतःच खाली आला. त्याचा एक जॉब होता, आणि दुसरा जॉब दर क्षणाला पहिल्याला विचारत बसायचा: झालं का? झालं का? झालं का?

"मग पहिल्याला किती वेळ लागतो?"

"खरं तर पटकन होतं," तो म्हणाला. "पण सारखं विचारल्यामुळे जरा उशीर होतो."

शेकोटीचा मालक सापडला नाही. पण मी ज्या ज्या दारात गेले त्या त्या दारात कुणी ना कुणी काही ना काही कबूल केलं, आणि लाजून बंद केलं. मी परत मोजलं तर तळघराची वीज इतकी उतरली होती की मास्तरांनी आकडा दोनदा तपासला. मी म्हणाले, तिसऱ्यांदा नको.

फक्त शेकोटी होती तिथेच होती. बाकीचे खाली उतरल्यामुळे ती आणखीच उंच दिसायला लागली.

स्थिती: घरी, नळ चालू

"तुझ्या ऑफिसनं पर्यावरण वाचवायला घेतलंय," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू नळ सोडून दात घासतेस."

मी नळ बंद केला आणि त्यांना शेकोटीचं सांगितलं. कुणीतरी नऊ वर्षांपूर्वी लावून विसरून गेलं, मी म्हणाले.

"विसरलेली गोष्ट नऊ वर्षं टिकत नाही. आपोआप कुठेतरी बिघडते. टिकते ती कुणीतरी जपलेली."

"कुणी जपेल एवढी वीज?"

सासूबाईंनी आत नजर टाकली. सासरे पेपरात डोकं घालून बसले होते. त्या खाली वाकून म्हणाल्या, "हे रात्री पंखा लावतात, मला उकडत असेल म्हणून. मी दोन पांघरुणं घेते."

"मग सांगत का नाही?"

"तीस वर्षं झाली. आता सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल ना?"

मी हसले आणि बस पकडायला धावले. ऐकलं, पण नीट ऐकलं नाही.

स्थिती: अर्जातलं एक वाक्य

*मी लिहिलेलं:* आमच्याकडे सर्वाधिक वीज 'शेकोटी' हा निरर्थक जॉब खातो.

*ताईंनी सुधारलेलं:* आमच्याकडे सर्वाधिक वीज 'शेकोटी' हा जॉब खातो.

*मास्तरांनी सुधारलेलं:* आमच्याकडे सर्वाधिक वीज 'शेकोटी' हा जॉब खातो, ज्याचा अर्थ आम्हाला अद्याप लागलेला नाही.

*ताईंनी पुन्हा सुधारलेलं:* आमच्याकडे सर्वाधिक वीज खाल्ली जाते.

इथे माझा पारा चढला.

"ताई, कोण खातं ते गाळून कसं चालेल? हे काय चोरून खाल्लेलं लोणी आहे?"

मास्तर खिडकीकडे गेले. तळघराला खिडकी नाही. तिथे खिडकीएवढं कॅलेंडर आहे. ते त्याच्याकडे बघत राहिले.

मी खुर्ची ओढून ताईंच्या समोर बसले. "मी बघून आले आहे. शेकोटी वाटेल तिथे चालत नाही. सर्व्हरच्या एकाच रॅकवर चालते, मधल्या भिंतीला टेकलेल्या. त्या रॅकच्या पाठीमागून गरम हवा निघते, भिंतीच्या जाळीतून ती या खोलीत येते, आणि थेट मास्तरांच्या खुर्चीखाली जाते. हा जॉब नाहीच. हा हीटर आहे."

संस्थेत हीटर आणायला बंदी आहे. तेव्हा आमच्यासारख्याच कुणाला तरी हे सुचलं असणार: हीटर नाही ना, मग लाखमोलाच्या सर्व्हरला बिनकामाची गणितं घालायची आणि त्याच्या घामावर पाय शेकायचे.

"तुम्हाला काय वाचवायचंय, शेकोटी की ही खोली?" मी विचारलं.

"दोन्ही," ताई म्हणाल्या, आणि शाल खांद्यावर घट्ट ओढून घेतली.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भर थंडीत अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून उभे होते. ते नेहमीच तसे असतात. आम्ही म्हणतो, तब्येत राखलीय.

स्थिती: परीक्षक आले

परीक्षक तरुण होता. कोट, कोटाच्या आत स्वेटर, हातात पाण्याची बाटली. पाहुण्याला चांगली जागा द्यायची म्हणून ताईंनी त्याला मास्तरांच्या खुर्चीत बसवलं.

त्यानं आमचे आकडे वाचले. "आकाशगंगा एवढ्या उतरल्या?"

"तिसरी फेरी बंद केली," मी म्हणाले.

"नदी?"

"ओढा आहे."

त्यानं कोट काढला. थोडं वाचलं. स्वेटर काढला. पाणी प्यायला. "आणि हे सगळ्यांत वरचं? थांबवलं का नाही?"

"मालक सापडत नाही," ताई म्हणाल्या. "विचारल्याशिवाय आम्ही मारत नाही."

"तत्त्व चांगलं आहे," परीक्षक कपाळ पुसत म्हणाला, "पण मला लिहावं लागेल की कारण नसताना चालू आहे. मग कांस्य नाही देता येणार." आणि बाटली उलटी करून पाहिली. "तुमच्याकडे इतकं उकडतं कसं?"

तेवढ्यात आकाशगंगावाल्या बाई जिना उतरत आल्या, दोनच पायऱ्या उरल्या असताना ओरडल्या, "सूनबाई, आठवलं! ती पाहुणी! दोन दोन मोजे घालून बसायची. अगं, ती हल्ली पोहायला शिकवते, माझ्या भाचीला तीच शिकवते. हा घे नंबर."

गच्चीवरची सगळी कबुतरं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून उडून गेली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, फोन लावला.

स्थिती: स्पीकरवर

मागे पाण्याचा आवाज. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"शेकोटी?" पाहुणी म्हणाली. "अय्या! अजून चालूय?"

"चालूय. तुमची ना?"

"माझीच की. एका हिवाळ्यापुरती आले होते तुमच्याकडे. पाय असे गार पडायचे! हीटर आणू देत नव्हते, म्हणून ती आयडिया केली. दर वर्षी येईन असं वाटलं होतं, म्हणून थंडीत आपोआप सुरू होईल असं करून ठेवलं. मग काय, पाण्यात पडले ती पडलेच."

"मारली तर चालेल?"

"अहो, मी निघतानाच सांगितलं होतं, बंद करून टाका म्हणून! त्या तुमच्या नाहीत का, शाल घेऊन बसायच्या, त्यांना सांगितलं होतं. ए! काठावर पळायचं नाही!"

फोन बंद झाला.

परीक्षकानं ताईंच्या शालीकडे पाहिलं. मीही पाहिलं. नऊ हिवाळ्यांपूर्वीच परवानगी मिळाली होती. आमची पाटी ज्यांनी लावली त्यांनाच.

"लिहा," ताई परीक्षकाला म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, पण मान खाली गेली नव्हती. "मी चालू ठेवली म्हणून लिहा. त्या हिवाळ्यात मास्तर जिन्यावरून पडले होते. गुडघे धरून यायचे. सुट्टी घ्या म्हटलं तर घेत नव्हते, औषध म्हटलं तर 'होईल बरं'. पाहुणी गेली, तिच्या खुर्चीत ते बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा गुडघे न चोळता उठले. मी कशी बंद करणार होते? आणि त्यांना सांगितलं असतं तर ते बसलेच नसते तिथे."

मी मास्तरांकडे बघायचं टाळत होते. मनात मी चार ओळींचं भाषण तयार करत होते, की सगळा दोष माझ्यावर घ्या, मी गच्चीवर जाते.

मास्तरांनी घसा साफ केला.

"ताई," ते म्हणाले, "माझे गुडघे त्याच उन्हाळ्यात बरे झाले."

"काय?"

"आणि मला तिथे फार उकडतं."

"मग बसता कशाला?"

"तुम्ही रोज सकाळी माझा चहा त्याच टेबलावर आणून ठेवता. खुर्ची अशी थोडी वळवून ठेवता. मला वाटलं, दुसरीकडे बसलो तर तुम्हाला वाईट वाटेल." त्यांनी आपल्या अर्ध्या बाह्यांकडे पाहिलं. "नऊ हिवाळे मी चहा गार झाल्यावर पितो."

ताईंनी तोंडाला शालीचं टोक लावलं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, इतक्या, की परीक्षकानं त्यांना पाण्याची बाटली दिली. तिच्यात पाणी नव्हतं.

"मग शाल कशाला घेता बारा महिने?" मास्तरांनी आता जरा मास्तरांच्या आवाजात विचारलं.

"कारण दाराशी वारा येतो," ताई म्हणाल्या. "मला थंडी वाजते हो. पण गरम खुर्ची एकच होती."

स्थिती: संपला

ताईंनी स्वतः मारला. कीबोर्ड मी पुढे सरकवला, बोट त्यांचं. रॅकचे पंखे एकेक करून मंदावले, आणि भिंतीपलीकडे इतकं शांत झालं की आम्हाला वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकलेली ऐकू आली.

परीक्षकानं सगळं लिहिलं, ताईंचं नावसुद्धा. "जे झालं ते लिहिणारच," तो म्हणाला. "पण अटीत असं आहे, की वाया जाणारी वीज शोधा आणि थांबवा. तुम्ही शोधलीत. माझ्यासमोर थांबवलीत." कोट हातावर टाकून तो दाराशी गेला, पाटी वाचली, थांबला. "आमच्याकडे 'आइस्क्रीम' नावाचा एक जॉब आहे. मी तिथे लागायच्या आधीपासून. कुणाचा आहे ते विचारायची अजून हिंमत झाली नाही."

"विचारा," ताई म्हणाल्या.

कांस्य मिळालं. संचालक खाली येऊन म्हणाले, आता रौप्यचं बघा. आणि मास्तरांनी त्यांना आधी कांस्यचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहून आणायला सांगितलं. आम्ही तिघं आहोत तिथेच आहोत. गच्चीवर फक्त कुंडी गेली, आणि तिला तिथे फूल आलं.

रौप्यच्या अर्जात 'सवयींमध्ये झालेले बदल' असा एक प्रश्न होता. तिथे मी एकच ओळ लिहिली आणि या वेळी ती कुणी सुधारली नाही: *दोघांनी खुर्च्या बदलल्या.*

मास्तर आता दाराशी बसतात, वाऱ्यात, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, आणि चहा गरम पितात. ताई जाळीपाशी बसतात. भिंतीला टेकलेल्या त्या रॅकवर आता बिनकामाचं काही चालत नाही. थंडीच्या सकाळी रांगेतला पहिला खरा जॉब मी तिकडे पाठवते. कुठेतरी तो चालणारच असतो, मग तिथे का नाही?

आज तिथे नदीवाल्यांचा जॉब आहे. सर्व्हर मागितला एक, वापरला एक. शाल खुर्चीच्या पाठीवर पडलीय. नदी लहानच आहे, पण ताईंचे पाय शेकायला पुरते.